चाळीतला कांदा आणि शहराचा कौल

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्यानं दहा गोण्या, म्हणजे ५१२ किलो कांदा विकला. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५० पैसे कापले गेले आणि हातात आला दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. त्या पट्टीचं आणि धनादेशाचं छायाचित्र देशभर फिरलं. लोक हळहळले, विधिमंडळात गदारोळ झाला आणि पुढच्या महिन्यात राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये, तेही जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान जाहीर केलं.

त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्र सरकारनं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसवलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. फेब्रुवारीत ज्याच्याबद्दल देश हळहळला, त्याच शेतकऱ्याला चार पैसे मिळायची वेळ आली तेव्हा बाजाराचं एक दार लावून घेतलं गेलं. लासलगावच्या बाजारातले भाव काही आठवड्यांत निम्म्याच्या आसपास आले.

याला कुणी सरकारचा दुटप्पीपणा म्हणेल, आणि तसं म्हणायला जागाही आहे. पण सरकारं बदलली, पक्ष बदलले, तरी कांद्याच्या बाबतीत वागणं बदललेलं नाही. जे धोरण गेली चार-साडेचार दशकं सगळ्या रंगांची सरकारं राबवतात, त्याचं मूळ मंत्रालयात शोधून पुरत नाही. ते लोकमतात शोधावं लागतं. कांदा महाग झाला की आपल्याला राग येतो, स्वस्त झाला की काहीच वाटत नाही, आणि सरकारला या दोन्ही गोष्टी पक्क्या ठाऊक आहेत.

आधी हा राग केवढ्याचा आहे ते पाहू. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत कांद्याचं वजन होतं ०.६४ टक्के. म्हणजे सरासरी कुटुंबाच्या शंभर रुपयांच्या खर्चात कांद्याचे पैसे पाऊण रुपयाहूनही कमी. चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो असं धरू. तीस रुपयांचा कांदा सत्तरवर गेला तर महिन्याचा जादा बोजा दोनशे रुपयांचा. मोबाइलच्या रिचार्जमध्ये, मुलांच्या शिकवणीच्या फीमध्ये, घरभाड्यात याहून मोठ्या वाढी आपण कुरकुरत का होईना पचवतो.

मग कांदाच का बोचतो? महागाई माणसाला निर्देशांकातून कळत नाही. ज्या वस्तू आपण वारंवार, रोख पैसे मोजून, सुट्या घेतो त्यांच्यावरून ती कळते. रिझर्व्ह बँक शहरी कुटुंबांना नियमितपणे विचारते की तुम्हाला महागाई किती वाटते. लोकांचं उत्तर सरकारी आकड्याहून जवळपास नेहमी वरचं असतं. घरभाडं वर्षातून एकदा वाढतं, कांद्याचा भाव आठवड्यातून दोनदा कानावर पडतो. शिवाय मागच्या खेपेला किती दिले होते ते लक्षात असतं. वर्तमानपत्रंही यात भर घालतात. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव जाहीर करते, मथळ्यात मात्र कमाल भाव झळकतो. हा कमाल भाव एखाद्या निवडक, एकसारख्या, लखलखीत मालाच्या ट्रॉलीला मिळालेला असतो. मागे उभ्या असलेल्या शेकडो गाड्यांमधल्या मध्यम कांद्याला, गोल्टीला, जोड कांद्याला काय मिळालं ते आतल्या पानात.

दुसऱ्या बाजूचं गणित असं. एकरी ८० क्विंटल उत्पादन धरलं आणि भाव क्विंटलला हजार रुपयांनी पडला, तर एका एकरामागे ८० हजार रुपये गेले. नाशिक पट्ट्यात दोन-तीन एकर कांदा लावणारं कुटुंब म्हणजे काही बडा खातेदार नव्हे. त्याचं वर्षाचं सगळं गणित या एका पिकावर असतं. एकीकडे कोट्यवधी घरांना महिन्याला शे-दोनशेची झळ, दुसरीकडे काही लाख घरांची वर्षाची कमाई. बेरीज कशीही मांडली तरी मतांच्या हिशोबात पहिली बाजू जड होते, कारण ती संख्येनं मोठी आहे, शहरांत आहे आणि वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांजवळ आहे.

हे राजकारण्यांना शिकवलं ते दोन निवडणुकांनी. १९८० च्या जानेवारीतल्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या भावाचा प्रचारात भरपूर वापर केला आणि त्या सत्तेवर परतल्या. जनता पक्षाची सरकारं पडली ती आपसातल्या भांडणांमुळे, पण आठवणीत राहिला तो कांदा. १९९८ साली पाऊसपाणी बिघडून पीक हातचं गेलं, दिल्लीत भाव भडकले. भाजपनं साहिबसिंग वर्मांना हटवून सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्री केलं, तरी नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्या पक्षाच्या जागा १९९३ मधल्या ४९ वरून १५ वर आल्या. दिल्लीची सत्ता त्याला पुन्हा मिळाली ती २०२५ मध्ये. त्या पराभवाला कारणं अनेक होती. पण तेव्हापासून दिल्लीत बसणारा प्रत्येक मंत्री कांद्याचा भाव पाहून दचकतो, आणि दचकलेल्या माणसाच्या हातून नीट विचार केलेलं धोरण होत नाही.

आता कांदा चाळीत जाऊन पाहू, कारण लोकमताचं आणि वस्तुस्थितीचं खरं अंतर तिथं दिसतं.

महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम. खरिपाचा लाल कांदा, त्याच्या मागून येणारा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ कांदा. लाल कांद्यात पाणी जास्त, तो काही आठवड्यांच्या वर टिकत नाही. काढला की विकावाच लागतो, मग भाव एक रुपया असो की चाळीस. सोलापूरच्या त्या शेतकऱ्याकडे घरी परत नेण्याचा पर्याय नव्हता, तो यामुळे. उन्हाळ कांदा मात्र टिकतो. देशाच्या एकूण उत्पादनात त्याचा वाटा ढोबळपणे दोन तृतीयांश आहे. मार्च ते मे या काळात तो निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवा लाल कांदा येईपर्यंत देश त्याच्यावरच जगतो. जूनपासून पुढचे चार-पाच महिने आपण जो कांदा चिरतो तो जवळजवळ सगळा कुणाच्या तरी चाळीतून आलेला असतो.

चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेलं, दोन्ही अंगांना फटी ठेवून बांबूच्या किंवा लोखंडी जाळीच्या भिंती केलेलं, वर पत्रा किंवा कौलं असलेलं लांबट बांधकाम. रुंदी चारेक फूट, कांद्याचा थर पाच फुटांच्या आत. याहून रुंद किंवा उंच केलं तर आतल्या कांद्याला वारा लागत नाही आणि खालचा दबून सडतो. पात वाळवून, मान बारीक झालेला, डेंगळे आणि जोड कांदे बाजूला काढलेला निवडक मालच चाळीत भरायचा. तरीही जुलैच्या दमट हवेत कुठंतरी एक कांदा नासतो, त्याचं पाणी शेजाऱ्यावर गळतं, वास सुटतो. मग बायाबापड्या बसून तो भाग उपसतात, नासका वेचतात, उरलेला परत रचतात. सप्टेंबरात कोंब फुटायला लागतात. एप्रिलमध्ये शंभर क्विंटल भरले असतील तर ऑक्टोबरला साठ-सत्तर निघतात. बाकीचं वजन वाळून, सडून, कोंब फुटून जातं.

समजा एप्रिलमध्ये भाव होता क्विंटलला १,५०० रुपये. तेव्हाच विकले असते तर शंभर क्विंटलचे दीड लाख झाले असते. ऑक्टोबरमध्ये ६५ क्विंटल उरले, तर तेवढेच दीड लाख मिळायला भाव हवा २,३०० रुपये. यात चाळीचा खर्च नाही, मजुरी नाही, सहा महिने अडकलेल्या पैशाचं व्याज नाही, आणि जोखीम तर नाहीच नाही. म्हणजे ऑक्टोबरचा कांदा एप्रिलच्या कांद्याहून दीड-पावणेदोन पट महाग असणं हा कुणाचा नफेखोरपणा नाही, तो साठवणुकीचा खर्च आहे. तो भाव मिळणार नसेल तर पुढच्या वर्षी शेतकरी चाळ भरणार नाही, सगळा माल मे महिन्यात बाजारात ओतेल. मेमध्ये कांदा मातीमोल होईल आणि सप्टेंबरमध्ये तो मिळणारच नाही.

लोकांच्या डोळ्याला मात्र हे चित्र उलटं दिसतं. कांदा आहे, कुणीतरी तो दाबून ठेवलाय, म्हणून भाव वाढलाय. भाववाढीच्या प्रत्येक बातमीत व्यापारी खलनायक असतो आणि छाप्याची मागणी होते. व्यापारी संगनमत करत नाहीत असं मी म्हणत नाही. लिलावात मोजकेच मोठे खरेदीदार असतात, आणि रिझर्व्ह बँकेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार ग्राहकानं कांद्यावर खर्च केलेल्या रुपयातले साधारण ३६ पैसेच शेतकऱ्यापर्यंत पोचतात. या साखळीत सुधारायला पुष्कळ वाव आहे. पण साठवण आणि लूट या दोन गोष्टी एकच समजल्या की उपाय चुकतो.

या समजुतीत भारतीय माणूस एकटा नाही. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातल्या लोकांना फोनवर एक प्रश्न विचारला होता. एक दुकानदार बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला विकत होता, मोठं हिमवादळ आलं आणि दुसऱ्या सकाळी त्यानं किंमत २० डॉलर केली, हे योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोक अयोग्य म्हणाले. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तकं सांगतात की मागणी वाढली तर किंमत वाढणारच. लोक म्हणतात, अडचणीचा फायदा घेऊ नये. ही भावना मला तुच्छ वाटत नाही, समाज अशाच भावनांवर उभा असतो. कांद्यात फरक इतकाच की फावडं विकणाऱ्याचं आदल्या आठवड्यात दिवाळं निघालेलं नव्हतं. शेतकऱ्याचं मात्र फेब्रुवारीत निघालेलं असतं, आणि ऑक्टोबरच्या भावानं त्याला फेब्रुवारीचा खड्डा भरायचा असतो. न्याय-अन्यायाचा निवाडा करताना आपण वर्षातला एकच महिना पाहतो.

भाव एवढे उसळतात का, हेही समजून घ्यायला हवं. ग्रेगरी किंग या इंग्रज अभ्यासकाच्या नावानं एक जुना ठोकताळा प्रसिद्ध आहे. तो १६९९ मध्ये चार्ल्स डॅव्हेनंटच्या पुस्तकातून लोकांपुढे आला. गव्हाचं पीक एक दशांशानं घटलं तर भाव तीन दशांशांनी वाढतो, दोन दशांशांनी घटलं तर आठ दशांशांनी. कांद्यालाही हे चपखल बसतं. कांदा महागला म्हणून आपण फोडणी निम्मी करत नाही आणि स्वस्त झाला म्हणून दुप्पट खात नाही. त्यामुळे थोडी तूट आली की भाव आकाशाला भिडतो, थोडा जास्त आला की रस्त्यावर ओतला जातो. त्यावर शेतकऱ्याचा स्वाभाविक प्रतिसाद: यंदा भाव होता म्हणून पुढच्या वर्षी गावभर उळं, म्हणजे कांद्याचं बी, टाकलं जातं, आणि मग मंदी. हे चक्र निसर्गाचं आणि बाजाराचं आहे. धोरणानं त्याचे झोके कमी करायचे असतात. आपल्याकडचं धोरण चढावर ब्रेक लावतं आणि उतारावर गाडी सोडून देतं.

त्यातही घातक आहे ती अनिश्चितता. जून २०२० मध्ये केंद्रानं अध्यादेश काढून जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या जाचातून कांद्यासह बऱ्याच शेतमालाला बाहेर काढलं. बागायती मालाचा किरकोळ भाव दुप्पट झाला तरच साठ्यावर मर्यादा घालू, असा नियम केला. त्या विधेयकाला लोकसभेनं १५ सप्टेंबरला मंजुरी दिली. आदल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, कांद्याची निर्यात बंद झाली होती. पुढच्याच महिन्यात, त्याच कायद्यातल्या अपवादाचा आधार घेऊन, घाऊक व्यापाऱ्यांना २५ टन आणि किरकोळ विक्रेत्यांना २ टन अशी साठ्याची मर्यादाही आली. बाजारमुक्तीचं विधेयक आणि निर्यातबंदी एका आठवड्यात. पुढे या कायद्यासह तीन कृषी कायद्यांवरून देशात प्रचंड आंदोलन झालं आणि २०२१ मध्ये ते मागे घेतले गेले. त्या वादात महाराष्ट्रातला कांदा उत्पादक कोणत्या बाजूला, असा प्रश्न पुष्कळांना पडला होता. मला वाटतं, सरकारच्या शब्दावर किती विसंबायचं याचा धडा त्याला १४ सप्टेंबरलाच मिळाला होता.

निर्यातबंदीचा फटका त्या हंगामापुरता राहत नाही. बांगलादेश हे आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतानं अचानक निर्यात थांबवली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी एका जाहीर कार्यक्रमात सांगितलं की मी माझ्या स्वयंपाक्याला कांद्याविना जेवण करायला सांगितलंय, पुढच्या वेळी आधी कळवलंत तर बरं होईल. सभागृहात हशा पिकला. २०२० मध्ये तेच पुन्हा घडलं, २०२३ मध्ये पुन्हा. प्रत्येक वेळी सीमेवर ट्रक अडकले, न्हावाशेवा बंदरात कंटेनर अडकले, आतला माल सडला. बांगलादेशानं मग स्वतःचं कांदा क्षेत्र वाढवायला घेतलं, आणि आता त्यांचं पीक बाजारात असताना ते तिथल्या शेतकऱ्यांसाठी आयात रोखून धरतात. आखाती देशांत आणि आग्नेय आशियात पाकिस्तान, चीन, इजिप्त यांनी जागा घेतली. एक जुनं गिऱ्हाईक तोडायला एक अधिसूचना पुरते, जोडायला वर्षं लागतात. त्या वर्षांचा हिशोब कुठल्याच खात्यात मांडला जात नाही.

हा हिशोब मांडायला शिकवलं ते शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला आले, आणि त्यांच्या चळवळीची सुरुवातच चाकणच्या कांद्यापासून झाली. १९७९ मध्ये त्यांनी शेतकरी संघटना स्थापली. पुढच्याच वर्षी नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी शेतकरी हजारोंनी रस्त्यावर आले. शेतकरी आळशी, कर्जबुडवा, अडाणी म्हणून गरीब आहे, हे शहरी मत तेव्हा सर्रास होतं. जोशींनी त्याला आकड्यांनी उत्तर दिलं. खत-विजेवर सरकार जे देतं त्याहून जास्त ते भाव पाडून काढून घेतं, याला ते उणे सबसिडी म्हणत. त्यांच्यावर तेव्हा अतिशयोक्तीचा आरोप झाला. २०१८ मध्ये ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संस्था यांनी मिळून केलेल्या अभ्यासात निघालं की २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतीला मिळालेला निव्वळ आधार उणे होता, शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या सुमारे १४ टक्के. निर्यातबंदी आणि बाजारावरची बंधनं यांचा त्यात मोठा हात.

यावर एक खरा आणि गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढं जाणं बरोबर नाही. मी वर दोनशे रुपयांचा हिशोब मांडला तो मध्यमवर्गाच्या घरातला. बिगारी कामगाराच्या जेवणात कांदा हा फोडणीचा भाग नसतो, तो भाकरीबरोबरचं कालवण असतो. त्याला दोनशे रुपये म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. त्याची काळजी सरकारनं घ्यायलाच हवी. पण ती घेण्यासाठी देशभरातल्या सगळ्यांचा कांदा स्वस्त करायचा आणि त्याची किंमत निफाड, येवला, चांदवडच्या शेतकऱ्याच्या खिशातून काढायची, हा उपाय मला मान्य नाही. स्वस्त कांद्याचा मोठा वाटा जातो तो हॉटेलांना आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना. रेशनकार्डावर ठरावीक महिन्यांत किलो-दोन किलो कांदा सवलतीत द्यावा, आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे सगळ्या करदात्यांकडून यावा. गरिबाला आधार देण्याचा बोजा एका पिकाच्या शेतकऱ्यानं का उचलावा?

सरकारकडे राखीव साठ्याचं साधन आहेच. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत कांदा खरेदी होते. २०२३ मध्ये या साठ्याचं उद्दिष्ट तीन लाखांवरून पाच लाख टनांवर नेलं. देशाचं उत्पादन त्या वर्षी तीनशे लाख टनांच्या घरात होतं, त्यापुढे हे दोन टक्केही भरत नाही. तेवढ्यानंही भावाला दिशा देता येते. प्रश्न आहे तो खरेदी कधी आणि कोणत्या भावानं होते याचा. फेब्रुवारीत लाल कांदा एक रुपयावर येईपर्यंत उतरायचं नाही आणि ऑगस्टमध्ये पंचवीस रुपयांनी विकायला उभं राहायचं, याला स्थिरीकरण म्हणता येत नाही. साठवणुकीचं तंत्रही पुढं जायला हवं. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं या शतकाच्या सुरुवातीला विकिरण केंद्र उभारलं, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. त्याचा बोलबाला झाला तो अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यासाठी. विकिरणानंतर कांदा थंडाव्यातही ठेवावा लागतो, आणि ती साखळी कांद्यासारख्या स्वस्त मालासाठी उभी करायला कुणी पैसे घालेना. जो कधीही पाडला जाऊ शकतो अशा भावाच्या भरवशावर कोण गोदाम बांधेल?

२०२४ च्या उन्हाळ्यात लोकमताचा एक वेगळा आवाज ऐकू आला. निर्यातबंदीची मुदत ३१ मार्चला संपायची होती, ती वाढवली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली आणि नाशिकमध्ये संताप उसळला. ४ मे रोजी बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरचं किमान मूल्य लावून. २० मेला नाशिक भागात लोकसभेसाठी मतदान झालं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या उमेदवार हरल्या. एका मतदारसंघाचा निकाल एकाच कारणानं लागत नाही, तरी तिथल्या गावागावांत कांदा हाच विषय होता. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के झालं, १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं. उत्पादकांची मतंही मोजली जातात असं दिसलं, हे चांगलंच झालं. पण शहराच्या रागानं बंदी आणि गावाच्या रागानं सुटका, अशा पद्धतीनं शेतीचं धोरण चालत राहिलं तर एप्रिलमध्ये चाळ भरणाऱ्याला ऑक्टोबरचा अंदाज कधीच येणार नाही.

त्याला हवा आहे एक जाहीर नियम. हंगाम सुरू होण्याआधी सरकारनं सांगावं: घाऊक सरासरी भाव, कमाल नव्हे, सलग इतके आठवडे अमुक पातळीच्या वर राहिला तर इतकं शुल्क लागेल, खाली आला की आपोआप जाईल. तमुक पातळीच्या खाली गेला तर त्याच आठवड्यात खरेदी सुरू होईल. या दोन पातळ्या ठरवताना वाळून-सडून जाणारं एक तृतीयांश वजन धरलेलं असावं. पूर्ण बंदी नसावीच. आणि शुल्क लागू होण्यापूर्वी ज्याचा करार झालाय, जो ट्रक सीमेवर किंवा जो कंटेनर बंदरात पोचलाय, त्याला जुन्याच अटींवर जाऊ द्यावं. २०१९ पासूनच्या प्रत्येक बंदीत सडलेला माल तिथंच सडलेला आहे.